भट्टीदादाचा लोखंडी हात

१

सोमवारी सकाळी सव्वानऊला माझी भाची दारात उभी. खांद्याला ऑफिसची पिशवी आणि पायांत घरातल्या चपला. त्या चपला बघूनच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. ही मुलगी कचरा टाकायला खाली गेली तरी बूट घालून जाते.

"मावशी, मला ऑफिसातून काढताहेत," ती म्हणाली. "आणि माझ्या घराचा पत्ता चार हजार लोकांना कळलाय."

मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं पहिल्यापासून सांग म्हटलं. सत्तावीस वर्षं मी विमा कंपनीत खोटे दावे पकडायचं काम केलं. रडणारी माणसं शेवट आधी सांगतात आणि सुरुवात विसरतात, ते मला खपत नाही.

भाची व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्यांचा एक मारामारीचा खेळ आहे. पडद्यावर दोन चितारलेली माणसं एकमेकांना बडवतात आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं बटणं दाबून त्यांना बडवायला लावतात. या खेळाची नवी आवृत्ती निघायची होती. त्यात बारा योद्धे असणार, आणि ते बारा कोण हे गुपित.

आता पुढचं ऐका आणि मग मला सांगा माणूसजात सुधारली म्हणून. या चितारलेल्या माणसांचे चाहते आहेत, आणि त्यांचे पक्ष आहेत. भिंगरी नावाच्या एका गरगर फिरणाऱ्या बाईचा एक पक्ष. भट्टीदादा नावाच्या लोहाराचा दुसरा. हा दादा पंधरा वर्षांपूर्वीच्या जुन्या खेळात होता, मग कंपनीने त्याला वगळलं. त्याचा एक हात लोखंडाचा. गेली तीन वर्षं त्याचे चाहते 'दादाला आणा' अशी मोहीम चालवत होते. सह्या गोळा केल्या, मोर्चा काढला, आणि कंपनीला टपालाने कोळसा पाठवला. तीनशे खोकी कोळसा. पाठवणारे सगळे नोकरदार, पोराबाळांचे बाप.

या लोकांचं वारं आत शिरू नये म्हणून कंपनीत प्रत्येकाला लिहून द्यावं लागतं की मी कुठल्याही पक्षाचा नाही. भाचीनेही दिलं होतं. तिचं काम चित्रांना हालचाल द्यायची. बारा योद्ध्यांचं पत्रकही तिनेच तयार केलं: कोण घेतले, त्यांचे डावपेच काय, आणि शेवटी वगळलेल्यांची नावं कारणांसकट. शुक्रवारी दुपारी बैठक झाली. चार माणसं, चार प्रती. बैठक संपल्यावर तीन प्रती सगळ्यांसमोर यंत्रात घालून फाडल्या. चौथी दुरुस्त्या करायला म्हणून भाचीने घरी नेली.

रविवारी दुपारी ते सगळं पत्रक, जसंच्या तसं टाइप केलेलं, चाहत्यांच्या इंटरनेटवरच्या फलकावर झळकलं. टाकणाऱ्याचं नाव नव्हतं. दादा यादीत नाही म्हटल्यावर त्या लोकांनी आकाशपाताळ एक केलं. पत्रक कुणी बनवलं ते कुणीतरी शोधून काढलं, तिचा पत्ता छापला, आणि सोमवारी पहाटे तिच्या दारावर कुणी कोळसा फासून गेलं. कंपनीचं म्हणणं सरळ होतं, कागद फक्त हिच्याकडे होता, म्हणजे फोडला हिनेच. शुक्रवारी अकरा वाजता निकाल.

"नोकरी गेली तर जाऊ दे," ती म्हणाली. "पण मी हे केलं नाही असं कुणीतरी लिहून द्यायला हवं. आमचा धंदा लहान आहे, मावशी. चोर म्हणून बाहेर पडले तर कुणी दारात उभं करणार नाही."

"तू फोडलंस का?"

"नाही."

एवढंच म्हणाली. खोटं बोलणारा या प्रश्नाला निदान पाच वाक्यं घेतो. मी चहा टाकला आणि तिच्याकडचा कागद मागितला.

२

कंपनीच्या संगणकवाल्यांनी सांगितलं होतं की फुटलेला मजकूर आणि भाचीचं पत्रक तंतोतंत सारखं आहे. त्यांनी आकडे जुळवले होते. आकडे जुळले, यांनी हात झटकले. मला अशा लोकांचा फार अनुभव आहे. जळलेल्या दुकानाच्या दाव्यात हेच लोक रकमा तपासतात आणि दुकान कुठे होतं ते विचारत नाहीत.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले, ओळीखाली पट्टी धरली आणि एकेक शब्द वाचत गेले. पहिली तीन पानं सारखी. चौथ्या पानावर, खालून दुसऱ्या ओळीत, माझी पट्टी थांबली.

भाचीच्या कागदावर होतं: 'भट्टीदादा. वगळला. उजवा हात लोखंडी, चाल संथ, नव्या खेळाडूंना रस नाही.'

फुटलेल्या कागदावर होतं: 'भट्टीदादा. वगळला. डावा हात लोखंडी, चाल संथ, नव्या खेळाडूंना रस नाही.'

"या मेल्याचा लोखंडी हात कुठला?" मी विचारलं.

"उजवा." तिने फोनवर जुन्या खेळाचं चित्र काढून दाखवलं. दादा डावीकडे तोंड करून उभा, उजवा हात काळाकभिन्न. मग तिने चित्र पुन्हा निरखलं. "थांब. मी उलटं चित्र पाहिलंय."

तिने जे समजावलं ते असं. जुन्या खेळात प्रत्येक योद्धा एकदाच चितारायचे, उजवीकडे तोंड करून. खेळता खेळता तो पलीकडच्या बाजूला गेला की तेच चित्र आरशात दिसावं तसं फिरवायचे. दुसऱ्यांदा काढायचा कंटाळा. त्यामुळे दादा इकडून तिकडे गेला की त्याचा लोखंडी हातही बाजू बदलायचा. मूळ चित्रात तो डावा. भाचीच्या हाती लागलं ते फिरवलेलं चित्र, म्हणून तिने उजवा लिहिला.

"हे तुला आत्ता कळलं?"

"आत्ता. तू विचारलंस म्हणून."

"नंतर कुणी फलकावर दुरुस्त केलं असेल?"

"नाही गं. तिथे एकदा टाकलेलं बदलताच येत नाही."

मी पट्टी खाली ठेवली. जिने चूक केली तिला ती चूक आहे हेच माहीत नव्हतं, मग ती दुरुस्त कशी करणार? टाइप करणारा दुसराच होता. दोनशे ओळी त्याने मुकाट्याने उतरवल्या आणि या एका ओळीवर त्याचा हात अडला. चोरी करता करता मालाची दुरुस्ती करणारा चोर मी सत्तावीस वर्षांत पाहिला नव्हता. त्या बैठकीतल्या चौघांत एक जण दादाचा भक्त होता, आणि तो लिहून देऊन बसला होता की मी कुणाचाच नाही.

३

कंपनीची मालकीणबाई माझ्या ओळखीची निघाली. तिच्या गोदामाला आग लागली तेव्हा सगळे तिला खोटी म्हणत होते, आणि दावा खरा आहे असं लिहिणारी मी एकटी होते. तिने मला तीन दिवस दिले आणि भाचीचं माझं नातं कुणाला सांगितलं नाही. बैठकीतल्या बाकी तिघांना एवढंच कळलं की चौकशीला बाहेरून एक बाई येणार आहेत.

शुक्रवारच्या बैठकीत चहाची सुट्टी झाली तेव्हा सगळ्यांच्या प्रती टेबलावरच पडल्या होत्या आणि तिघंही आतबाहेर करत होते. फोनने चार पानांचा फोटो काढायला किती वेळ लागतो? म्हणजे संधी तिघांनाही होती.

पहिला आवाजवाला. हा खेळातले आवाज बनवतो. त्याच्या खोलीला भिंतभर गाद्या लावलेल्या, आणि मी गेले तेव्हा तो ओल्या टॉवेलने एका कोबीला मारत होता.

"हे काय?" मी विचारलं.

"बरगडी मोडतेय," तो म्हणाला. "बसा. कोबीच्या पाण्यात पाय ठेवू नका."

मी दादाचा विषय काढला, मुद्दाम चुका करत. "त्या दादाची बायको आगीत गेली म्हणे."

"असेल."

"त्याचा तो उजवा हात..."

"बाई, मला कोण कुणाचा काय ते विचारू नका. मला आवाज विचारा. लोखंडाला मी स्वयंपाकघरातला तवा वाजवतो. तो डाव्या हातात आहे की डोक्यावर, मला काय करायचंय?" त्याने पुन्हा कोबी हाणला. हा माणूस मला आवडला. त्या इमारतीत फक्त त्यालाच कळत होतं की आपण कोबी मारतोय.

दुसरी ताई. चाहत्यांशी बोलायचं काम हिच्याकडे, म्हणून ते तिला ताई म्हणतात आणि दिवसातून पन्नास शिव्याही देतात. टेबलावर तीन फोन, तिन्ही थरथरत होते. पायांशी कोळशाची खोकी.

"बायको नाही हो, बहीण," तिने मला लगेच दुरुस्त केलं. "दादाची बहीण आगीत गेली. रोज दहा जण मला हे रडून सांगतात. काल एकाने लिहिलं की दादा नसेल तर त्याच्या लग्नाला अर्थ नाही. मी त्याच्या बायकोचा नंबर मागितला."

ही जाणकार निघाली. मी सावरून बसले. "आणि हात उजवा ना?"

"उजवा. की डावा?" तिने वळून भिंतीवरचं जुनं चित्र पाहिलं. दादा डावीकडे तोंड करून उभा होता. "उजवाच. हे बघा."

तिलाही चित्र बघूनच सांगावं लागलं, आणि तेही उलटं. शिवाय यादी फुटल्यापासून तिचं जेवण धड होत नव्हतं. स्वतःच्या डोक्यावर हे खापर कोण फोडून घेईल? मी तिला सोडलं.

राहिला एकच. शुक्रवारी माझ्या भाचीचा निकाल देणारा.

४

प्रमुखसाहेबांची खोली स्वच्छ. बाकी सगळीकडे चित्रं, बाहुल्या, खेळणी, आणि इथे एक कॅलेंडर आणि एक झाड. साहेब पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ.

"मुलगी हुशार होती," ते म्हणाले. आत्ताच 'होती' झाली होती. "वाईट वाटतं. पण नियम म्हणजे नियम."

"तुम्हाला यातला कोण आवडतो?"

"मला सगळे सारखे. खरं सांगू? मी तो जुना खेळ हातातसुद्धा घेतलेला नाही. मी व्यवस्थापन बघतो. माझ्यासाठी हे नग आहेत."

"मलाही तेच वाटतं," मी म्हटलं. "तो एक लोहार आहे ना, उजव्या हाताने लोखंडी ठोसा मारतो तो. दिसायलाही ओंगळ. बायको आगीत गेलेला."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. झाडाकडे पाहिलं.

"असेल," ते म्हणाले.

बस्स. मी आणखी अर्धा तास बसले. दादाला नावं ठेवली, भिंगरीचं कौतुक केलं, त्याच्या चाहत्यांना रिकामटेकडे म्हटलं, जे मला मनापासून म्हणता आलं. साहेब हसत राहिले. पाणी मागवलं. दारापर्यंत सोडायला आले.

मी बाहेर पडले ती वैतागूनच. तिघांपैकी एकानेही हात सुधारला नव्हता. बुधवार संपला होता आणि माझ्याकडे दाखवायला एक टोपण होतं. घरी भाचीने विचारलं, "कळलं का काही?" मी नाही म्हटलं. तिने मान हलवली आणि माझे कपडे घडी करायला घेतले, न सांगता. मला स्वतःचाच राग आला.

पण त्या टोपणानेच मला गुरुवारी सकाळी भानावर आणलं. एका म्हातारीच्या बडबडीपुढे माणूस जीभ आवरू शकतो. मी चुकीचं बोलले तरी त्याने दादाचं काय बिघडणार होतं? कागदावर छापलेलं मात्र राहतं. त्याची जीभ त्याच्या ताब्यात होती, हात नव्हता. मी मालकीणबाईंना फोन लावला.

५

शुक्रवारी अकराला सगळे बैठकीच्या खोलीत जमले. भाची टोकाच्या खुर्चीवर, हात मांडीखाली दाबून.

"तिचा विषय नंतर," मालकीणबाई म्हणाल्या. "आधी हे. ओरड फार झालीय. भट्टीदादाला घ्यायचं मी ठरवलंय. निवेदन बाराला सगळ्या देशांत जाईल. तिघांनी वाचा आणि सह्या करा. एकदा गेलं की बदलता येणार नाही."

निवेदन मीच लिहिलं होतं. 'तुमचा लाडका भट्टीदादा परत येत आहे, त्याच त्याच्या उजव्या लोखंडी हातासह.'

आवाजवाल्याने न वाचता सही ठोकली. ताईने वाचलं, 'लाडका'ला नाक मुरडलं, सही केली. कागद साहेबांपुढे आला.

त्यांनी एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. त्यांचे कान लाल झाले. पेन टेकवलं, उचललं.

"हे छापून जाणार?" त्यांनी विचारलं.

"खेळाच्या खोक्यावरसुद्धा हेच," मालकीणबाई म्हणाल्या.

साहेबांनी 'उजव्या'वर एक सरळ रेघ मारली. वर नीट, गोल अक्षरात 'डाव्या' लिहिलं. मग सही केली.

"साहेब," मी म्हटलं, "जुना खेळ तुम्ही हातातसुद्धा घेतला नव्हता ना?"

मग मी दोन्ही पत्रकं टेबलावर ठेवली आणि ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवली. सांगितलं की पत्रक करणारीला हात चुकल्याचा पत्ता नव्हता. आवाजवाल्याला हाताशी कर्तव्य नाही. ताई भिंतीवर बघून उजवा म्हणते. चार जणांच्या त्या बैठकीत खरा हात ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि त्याने मला सांगितलं होतं की त्याला काहीच ठाऊक नाही. मी त्यांच्या तोंडावर दादाला शिव्या घातल्या, ते त्यांनी गिळलं. छापील चूक मात्र त्यांच्याच्याने गिळवली नाही, रविवारीही नाही आणि आजही नाही.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं होतं ते नाकारतील.

"चहाच्या सुट्टीत फोटो काढले," ते म्हणाले. "बैठकीत मी दादासाठी एक शब्द काढला असता तर तुम्ही मला ओळखलं असतं. लोक खवळले तरच तुम्ही ऐकाल हे मला माहीत होतं. आणि ऐकलंतच की."

"आणि ही?" मी भाचीकडे बोट दाखवलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मला वाटतं त्या आठवड्यात पहिल्यांदाच. "तिला दुसरी नोकरी मिळाली असती," ते म्हणाले. "दादाला ही शेवटची संधी होती."

मी आयुष्यात विम्यासाठी स्वतःचं घर पेटवणारे पाहिलेत. त्यांना निदान लाज वाटायची.

६

साहेब त्याच दिवशी गेले. शनिवारी कंपनीने निवेदन काढलं की फूट एका वरिष्ठाने केली आणि भाचीचा त्यात काडीचा संबंध नाही. तिला लिहून मिळालं. मला वाटलं, झालं, सुटलो.

पण खरं निवेदन आणखी एक निघालं. ओरड बघून मालकीणबाईंनी दादाला खरोखरच घेऊन टाकलं.

सोमवारी भाचीबरोबर मी ऑफिसात गेले, साहेबांच्या प्रकरणात माझी सही हवी होती म्हणून. मालकीणबाईंनी भाचीपुढे एक कागद सरकवला.

"एक छोटंसं काम आहे. तू मूळ पत्रकात उजवा हात लिहिला होतास हे दादाच्या चाहत्यांना कुठून तरी कळलंय. फार दुखावलेत. तू दोन ओळींत माफी मागून टाक, मी लिहूनच ठेवलंय. मग दादाला हालचाल तूच द्यायचीस."

भाचीने कागद वाचला. "ज्याने माझा पत्ता छापला त्याच्याकडून मला दोन ओळी आल्या का?"

"अगं, ते चाहते आहेत. ते कशाला लिहितील?"

भाचीने कागद परत सरकवला. आपल्या टेबलापाशी गेली, पेनं उचलली, स्वेटर पिशवीत कोंबला आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवलं. मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तरी समजवा हिला."

मी सत्तावीस वर्षं नोकरी केली आणि एकदाही राजीनामा दिला नाही. निदान चार वेळा द्यायला हवा होता. "ती समजूनच चाललीये," मी म्हटलं. मला तिचा अभिमान वाटला आणि मी तो लपवला नाही.

खाली फाटकाशी पाच-सहा जण फलक घेऊन उभे होते. 'दादाला आणणाऱ्याला परत आणा.' साहेब आता त्यांचे हुतात्मा झाले होते. त्यातला एक, चाळिशीचा, टक्कल पडलेला, अंगात लोहाराचं चित्र असलेला सदरा, सह्यांचा कागद घेऊन भाचीपाशी आला.

"तुम्ही आतच काम करता ना? एक सही द्या. त्या माणसावर अन्याय झालाय."

तिने कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला आणि त्याला आपलं नाव सांगितलं. सगळं, आडनावासकट.

त्याचा चेहरा पडला. तिच्या नावाने त्यांनी आठवडाभर काय काय लिहिलं होतं ते सगळं त्याला आठवत असणार. त्याने खाली पाहिलं, सदरा ओढून नीट केला. आता तरी हा माफी मागेल म्हणून मी वाट पाहत उभी राहिले.

"म्हणजे दादा तुम्हीच करणार," तो म्हणाला. "मग या वेळी हात डावाच ठेवाल ना?"

भाचीने सह्यांचा कागद त्याला परत दिला. "ते नवीन कुणाला तरी विचारा," ती म्हणाली, आणि आम्ही बस पकडायला निघालो.